भोकावरची पट्टी

मोटारींचे भाग आपसात बोलायचे, त्या काळातली ही गोष्ट. शर्यतीच्या एका गाडीत पुढच्या चाकाशी एक ब्रेक राहायचा. त्याला गार वारा लागावा म्हणून गाडीच्या नाकाडाला एक भोक ठेवलेलं होतं.

"त्या भोकात वारा अडतो आणि माझा वेग मार खातो," इंजिनानं एकदा तक्रार केली. इंजिनाचा शब्द कोण मोडणार? मिस्त्रीनं लगेच भोकावर चिकटपट्टी मारली.

शर्यतीत चार फेऱ्यांतच ब्रेक तापला. "अरे, ती पट्टी काढायला सांगा कुणीतरी," तो कळवळून म्हणाला.

"राहू दे की," शेजारचा टायर सुखावून म्हणाला. "तुझ्या उबेनं माझं रबर मऊ झालंय. रस्ता कसा घट्ट धरतोय बघ!"

आपल्याच धगीवर शेकणाऱ्याला ब्रेक काय सांगणार?

दहाव्या फेरीला ब्रेक लालबुंद झाला. टायरलाही फोड आले. आता दोघंही ओरडत होते, पण इंजिनाच्या गर्जनेत ऐकतो कोण? पुढच्या वळणावर ब्रेकनं जीव खाऊन चाक आवळलं, पण त्याच्यात त्राणच उरलं नव्हतं. गाडी भिंतीवर आदळली.

इंजिनाला खरचटलंसुद्धा नाही. "दोघंही कुचकामी निघाले," म्हणत मिस्त्रीनं ब्रेक आणि टायर भंगारात फेकले.

दुसऱ्या दिवशी नवा ब्रेक आला. इंजिन त्याला मायेनं म्हणालं, "आधीचा फार कुरकुर करायचा. तू तसा वाटत नाहीस." नवा ब्रेक फुलून गेला. मिस्त्रीनं नव्या नाकाडाच्या भोकावर आठवणीनं पट्टी मारली.

भंगारात पडलेल्या जुन्या ब्रेकला मात्र आता पोटभर गार वारा मिळत होता.