सुंद्रेच्या तीन कानशी

एका राज्यात, जिथले डोंगर काळे आणि नद्या उथळ, भद्रकेतू नावाचा राजा होता. प्रजा त्याच्यावर माया करीत नसे, त्याला भीत असे. आणि राजाला तेच गोड वाटे. लोक वाकले की त्याला अन्न रुचे, लोक थरथरले की त्याला झोप लागे.

राज्याच्या सीमेवर कालंजन नावाचा मांत्रिक एका गुहेत राहत होता. गुहेत एक लोखंडी पेटी होती, पेटीत जुन्या राजांचे धन होते, आणि त्या धनाची राखण हेच मांत्रिकाचे व्रत होते. भद्रकेतू सैन्य घेऊन गेला आणि म्हणाला, "पेटी दे, नाहीतर डोंगराला चहूकडून वणवा लावतो." डोंगरावर पाखरे होती, हरणे होती, धनगरांच्या वाड्या होत्या. मांत्रिकाने पेटी बाहेर आणून ठेवली.

"भय दाखवून नेतोस, ने," तो म्हणाला. "आजपासून भय हेच तुझे अन्न."

राजा हसला. पेटी हत्तीवर चढली. परतीची वाट अर्धी सरली नाही तोच राजाची नखे लोखंडाची झाली. महालाची पायरी चढताना दात लोखंडाचे झाले. सिंहासनावर बसला तेव्हा छातीभोवती एक लोखंडी पट्टा उमटला आणि आवळू लागला. समोर कोणी भ्याले की पट्टा घटकाभर सैल होई, आणि नखे-दात बोटभर वाढत. भय नसेल तर पट्टा असा आवळे की राजाच्या तोंडून गुरासारखा हंबरडा फुटे. आणि ते नख ज्याला लागे, तो उभ्या जागी लोखंडाचा पुतळा होई.

नगरात लोहारआळी होती. प्रधानाने तिथल्या एकेका लोहाराला बोलावून घेतले. प्रत्येक जण ती नखे घासून काढायला कानस घेऊन गेला, राजापुढे बसला, आणि भ्याला. कानस घसरली, नख वाढले, आणि महालाच्या अंगणात एक पुतळा वाढला. अखेर आळीत एकही भाता हलेना. ऐरणींवर कोंबड्या बसू लागल्या.

त्या आळीत सुंद्रा नावाची लोहारीण राहत होती. तिचा नवरा मानाजी कानशी घडवी. तो पोलादाची पट्टी ठोकून द्यायचा, आणि तिच्यावर दात पाडायचे ते सुंद्रेने. छिन्नी टेकवायची, हातोडी मारायची, केसभर सरकवायची, पुन्हा मारायची. तिच्या हातचे दात इतके सारखे पडत की कानशीवर बोट फिरवले तर मांजराच्या जिभेसारखे वाटे. मानाजी गंमतीने म्हणायचा, "तुझी कानस लोखंडाला चाटते आणि लोखंडाला कळत नाही आपण संपलो ते." त्या मानाजीलाही शिपाई घेऊन गेले, आणि तो परतला नाही.

मग एके दिवशी दवंडी पिटली गेली: "ऐका हो ऐका! महालात आता भिणारे कोणी उरले नाही. महाराजांची भूक वाढली आहे. अमावास्येला महाराज स्वतः नगरात येतील."

ढोल थांबला तशी अख्ख्या नगराची दारे धडाधड लागली. सुंद्रा मात्र आपल्या दारातच उभी राहिली. दारापुढच्या उंबराच्या झाडावर एक तांबट पक्षी बसला होता, त्याचे टुक टुक चालले होते. ते थांबले आणि पक्षी माणसाच्या वाणीने बोलला.

"सुंद्रे, मी त्या डोंगरावरचा. शाप झाला तेव्हा मी गुहेवरच्या फांदीवर होतो."

"मग त्याचा उतार सांग."

"लोखंड तीन जागी आहे. नखांत, दातांत, छातीवर. तीन दिवस, तीन कानशी. पण भीतीने चाललेली कानस त्या लोखंडाला खाऊ घालते. गोडीने चाललेली कानस त्याला खाते."

"मी तर आत्ताच भ्याले आहे," सुंद्रा म्हणाली.

"ते मला दिसते," तांबट म्हणाला, आणि उडून गेला.

सुंद्रेने भट्टी पेटवली. मानाजीने घडवून ठेवलेल्या तीन पट्ट्या घरात होत्या: एक चपटी, एक तिधारी, एक अर्धगोल. तिने त्यांवर दात पाडले, दात जळू नयेत म्हणून मीठ-पिठाचा लेप दिला, भट्टीत लाल केल्या आणि सरळ उभ्या धरून पाण्यात सोडल्या. चर्र झाले, वाफ उठली. पाणी चढून कडक झालेल्या कानशी तिने फडक्यात गुंडाळल्या आणि ती महालाकडे निघाली.

अंगणात पुतळे उभे होते. कोणाचा हात तोंडावर, कोणी पळण्याच्या पवित्र्यात. गंजाचा वास असा की जिभेवर रक्ताची चव यावी. मानाजी दाराशीच होता, डोळे उघडे, तोंड अर्धवट काही बोलता बोलता राहिलेले. सुंद्रेने त्याच्या गालाला हात लावला. गाल थंड होता, आणि बोटांना तांबडी पूड लागली. गंज त्यांना खात होता.

प्रधान तिला आत घेऊन गेला आणि खांबाआड जाऊन उभा राहिला. राजा सिंहासनावर होता. नखे विळ्यांसारखी वळून जमिनीला टेकली होती.

"कोण तू?"

"मानाजी लोहाराची बायको, महाराज."

"भितेस?"

"होय, महाराज."

राजाने खोल श्वास घेतला. भुकेल्या माणसाने फोडणीचा वास घ्यावा तसा. मग त्याने हात पुढे केला.

सुंद्रा खाली बसली, चपटी कानस नखाला टेकवली आणि ढकलली. कानस किंचाळत घसरली. नख तिच्या डोळ्यांदेखत बोटभर वाढले आणि तिच्या मनगटापाशी येऊन थांबले. आणखी कणभर वाढले असते तर तिथेच सगळे संपले असते. पळावे तर दाराशी शिपाई. बसावे तर समोर मरण. तिने दुसऱ्यांदा कानस टेकवली. पुन्हा घसरण्याआधी, एक क्षणभर, कानशीचा एक दात लोखंडात रुतलेला तिला जाणवला.

ते रुतणे हाताला ओळखीचे होते. सुंद्रेने बाकी सगळे सोडले आणि तेवढेच धरले. खांद्याचा भार थोडा पुढे घेतला, कानशीची दिशा जराशी तिरकी केली, आणि जाताना दाबले, येताना उचलले. खर्र. जाताना दाबले, येताना उचलले. खर्र. आवाज बदलला; किंचाळणे गेले आणि कापड फाटावे तसा एकसंध सूर आला. कानशीखालून बारीक कीस सांडू लागला. काळ्या नखावर एक पट्टी उजळली, चांदीसारखी पांढरी, आणि प्रत्येक फटक्यासरशी रुंद होत गेली. नव्या कानशीची पहिली धार! तिला ठाऊक होते, ही धार पुन्हा मिळत नाही. हात आपोआप चालू लागले. समोर राजा आहे हे तिला दिसत होते, भीतीही गेली नव्हती. पण हात तिचे ऐकेनात. हातांना मजा येत होती.

दिवस कलला तेव्हा दहाही नखे माणसाच्या नखांएवढी झाली होती. नखे घटली तसा पट्टा आवळत गेला होता आणि राजा दातओठ खाऊन बसला होता.

"उद्या ये," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "उद्या दात आहेत."

दुसऱ्या दिवशी सुंद्रा तिधारी कानस घेऊन आली. सुतार करवती धार लावायला आणीत तेव्हा ती अशीच कानस वापरी. राजाने तोंड उघडले. आत सुळे एकावर एक चढलेले, आणि श्वासाला जुन्या विहिरीच्या तळाचा वास. सुंद्रेला आपला हात मनगटापर्यंत त्या तोंडात घालावा लागला.

तिने मनाशी म्हटले, करवत आहे. एक दात, मग दुसरा दात. कानशीचा कोपरा दोन सुळ्यांच्या मधोमध बसला आणि तिला बरे वाटले, कुलपात किल्ली बसावी तसे. तीन फटके डावीकडे, तीन उजवीकडे. कानशीच्या दातांत अडकलेला कीस काथ्याच्या कुंच्याने झाडला की कानस पुन्हा कोरी होई आणि पुन्हा चावू लागे. एकेक सुळा झिजून सपाट होत होता. शेवटचे दोन राहिले.

एवढ्यात बाहेर अंगणात काहीतरी धाडकन कोसळले. पुतळा. कोणता? मानाजी तर नव्हे? सुंद्रेच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि त्याच क्षणी राजाचा जबडा मिटू लागला. उरलेले दोन सुळे लांबले. एक तिच्या तळहाताच्या कातडीला टेकला.

"हात काढ!" खांबाआडून प्रधान ओरडला.

हात काढला तर उद्या हे सुळे दुप्पट होणार, हे तिला कळत होते. बाहेर कोण पडले ते आत्ता कळणार नव्हते. हातात मात्र कानस होती, आणि तिची धार अजून गेली नव्हती. तिने श्वास सोडला आणि कानस पुढे ढकलली. खर्र. सुळ्याच्या टोकावर एक पांढरा ठिपका चमकला. तो ठिपका मोठा करावा एवढेच तिला वाटले. खर्र. जबडा थांबला. खर्र. जबडा हळूहळू उघडला.

संध्याकाळी ती बाहेर आली तेव्हा मानाजी जागेवर होता. पडला होता तो शेजारचा लक्ष्या लोहार. एक हात कोपरापासून तुटून पायरीवर पडला होता. सुंद्रेने तो हात उचलून त्याच्या उराशी ठेवला आणि मागे न पाहता घर गाठले.

तिसऱ्या दिवशी राजा पडूनच होता. पट्टा बरगड्यांत रुतला होता. सुंद्रेने अर्धगोल कानस काढली. पहिल्याच फटक्याला कानस रुतली, कीस झरझर सांडला, लोखंडात नितळ खोबण पडली. पण कानस उचलून पाहते तो खोबण भरून आलेली! पुन्हा घासले, पुन्हा भरून आली. दुपार झाली. कानशीचे दात बोथटायला लागले, आणि पट्टा होता तसाच.

सुंद्रेने हात थांबवला. तिने राजाच्या तोंडाकडे पाहिले. तीन दिवसांत पहिल्यांदाच पाहिले. कपाळावर घामाचे थेंब होते, आणि डोळे फाशीकडे नेलेल्या माणसाचे असतात तसे.

"महाराज, ही माझी भीती नव्हे," ती म्हणाली. "भ्यालात ते तुम्ही."

प्रधानाने तोंड झाकून घेतले. असे शब्द त्या महालात कोणी उच्चारले नव्हते. राजाने छातीवरच्या पट्ट्यावर हात ठेवला.

"नखे गेली," तो म्हणाला. "दात गेले. हा पट्टाही गेला तर मला कोण भिणार? दारातून आत येणारा पहिला माणूस माझा गळा धरील. माझ्या जागी तू असतीस तर तुलाही भय वाटले असते, बाई."

"वाटले असते, महाराज."

"मग?"

सुंद्रेला राजनीती कळत नव्हती. तिला जे येत होते ते तिने केले: कानशीची मूठ राजाच्या हातात दिली.

"उठून बसा. मूठ अशी धरा. दुसऱ्या हाताची बोटे टोकावर. आता ढकला."

राजाने ढकलली. कानस किंचाळली.

"रागाने नको. जाताना दाबा, येताना उचला."

पुन्हा किंचाळली. पट्टा आणखी आवळला, राजा कळवळला, आणि त्याचा मोकळा हात तिच्या गळ्याकडे झेपावला. सुंद्रा हलली नाही; हलण्याएवढे बळच तिच्यात उरले नव्हते. तिने आपला हात राजाच्या मुठीवर ठेवला, आणि दोघांनी मिळून कानस पुढे नेली. खर्र.

राजाचा हात हवेतच राहिला.

"हे काय झाले?" त्याने विचारले.

"लागली, महाराज."

"पुन्हा होईल?"

"करून पाहा."

त्याने केले. कानस रुतली, आणि ते रुतणे त्याच्या तळहातातून खांद्यापर्यंत चढलेले सुंद्रेला दिसले. त्याने आणखी एकदा केले. मग तिने आपला हात काढून घेतला, आणि राजाला ते कळलेही नाही. तो मान तिरकी करून खोबणीकडे पाहत होता, कीस फुंकून टाकत होता, ओठ चावून पुन्हा घासत होता. खोबण भरून येत नव्हती. तासाभरात तो एकच शब्द बोलला, आणि तो होता "अरेच्चा!"

उन्हे कलता कलता पट्टा कडाड करून तुटला. राजाच्या छातीवर नुसता एक तांबडा वळ राहिला.

त्याच क्षणी अंगणात खोकण्याचे आवाज उठले. लोहार एकेक करून गंज झटकत उभे राहिले. ज्याचा जो भाग गंजाने खाल्ला होता तो मात्र परत आला नाही. लक्ष्या एका हाताने उठला. मानाजीच्या गालावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे राहिले. तो दारात आला आणि म्हणाला, "सुंद्रे, तू इथे कशाला आलीस? जा घरी, इथे धोका आहे!" पुतळा होताना तोंडात राहिलेले बोलणे त्याने आता पुरे केले की काय, कोण जाणे.

राजाने पेटी स्वतः गुहेपर्यंत पोहोचवली. कालंजनाने ती आत घेतली आणि गुहेपुढे शिळा लावून घेतली. अंगणात उभ्या राहिलेल्या प्रत्येक लोहाराच्या दारी राजा पायी गेला आणि त्याने हात जोडले. काहींनी त्याला आत बोलावले. काहींनी दार उघडले नाही, लक्ष्याच्या आईने तर नाहीच. आणि राजाने ते दार पुन्हा वाजवले नाही. लक्ष्याचे घर मात्र पुढे राजाच्या कोठारातून चालले. नगरात न्याय सुरू झाला, बाजार भरू लागला, लोहारआळीतून पुन्हा धूर निघू लागला.

आणि सुंद्रा? त्या संध्याकाळी ती घरी आली, चूल पेटवली, भाकरी थापायला बसली, आणि तिचे हात कापू लागले. असे कापू लागले की परातीतले पीठ उडाले, दात दातांवर वाजू लागले, उभे राहता येईना. तीन दिवसांचे भय एकदम अंगावर आले. मानाजी धावत आला. त्याने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले आणि ते थांबेपर्यंत तो तसाच बसून राहिला. तव्यावरची भाकरी करपली. ती त्या दिवशी दोघांनी तशीच खाल्ली.

त्या आळीचे भय जसे सरले, तसे ऐकणाऱ्यांचे सरो, आणि ज्याच्या हातात जे हत्यार असेल त्याला धार राहो.