एका पदातले दोन रस

फार पूर्वी केरळात लोक मल्याळममध्ये हसत, भांडत, अंगाई गात. काव्य मात्र संस्कृतातच रचावं, असा पंडितांचा दंडक होता. रारिच्चन नावाच्या तरुण कवीने तो मोडून मल्याळममध्ये पदं रचली, तेव्हा राजपंडित जातवेदन भट्टतिरी भर दरबारात गरजले, "महाराज, या गावंढळ भाषेत नऊ रसांपैकी एकही उमटायचा नाही. याची ताडपत्रं नदीत बुडवा."

रारिच्चन हात जोडून म्हणाला, "महाराज, एकच पद म्हणतो. रस उमटला नाही, तर मीच ती बुडवीन."

राजाने मान डोलावली. रारिच्चनने सूर लावला:

"पंडितांच्या पोटी चारी वेद,
वर पायसाची कढई;
बाहेर यायला वाट मिळेना,
आतच त्यांची लढाई."

सभा खो खो हसत सुटली. द्वारपालाच्या हातून भाला निसटला. भट्टतिरी लालबुंद होऊन ओरडले, "उद्धटा, जीभ छाटीन तुझी."

"महाराज," रारिच्चन नम्रपणे म्हणाला, "सभेत हास्यरस उमटला आणि पंडितांच्या मुखावर रौद्र. एक मागितला होता, दोन निघाले."

राजाने डोळे पुसत विचारलं, "काय भट्टतिरी, रौद्र खरा ना?"

भट्टतिरी पेचात पडले. खरा म्हणावं तर हार, खोटा म्हणावं तर रागावले कशाला? बघता बघता त्यांचं भलंमोठं पोट गदगदू लागलं.

"खरा होता, महाराज," ते कसेबसे म्हणाले, "पण आता मलाही हसू आवरत नाही."