बादल्या, व्याज आणि केरबा

एमआयडीसीला खेटून एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळा केरबा राहत होता. सांगितलेलं काम तो चोख करायचा. पंचाईत तीच होती.

केरबाची बायको रेवती शिकलेली. प्लास्टिकच्या बादल्यांचा छोटा कारखाना तीच चालवायची, कडेवर बाळ घेऊन. बादल्या खपायच्या, पण नफा घरापर्यंत पोचत नव्हता. प्लास्टिकचा दाणा घ्यायला सावकार तात्या मगदुमाकडून पैसे उचललेले, आणि तात्याचं व्याज बाळापेक्षा भराभर वाढत होतं. शेजारच्या रबरी चपलांच्या कारखान्याला बँकेनं निम्म्या व्याजानं कर्ज दिलं होतं. तसं मिळालं तर तात्याला फेडता येईल, नाहीतर कारखान्याला कुलूप. रेवतीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

बाळाला ताप आला म्हणून तिनं केरबाला बँकेत धाडलं. साहेबांनी विचारलं, धंदा कसा चाललाय? केरबानं खरं ते सांगितलं. मशीन खोकतं, वीज जाते, बायको रडते, बाळाला दात येतायत. साहेबांनी फाईल मिटली. म्हणाले, एकदा येऊन माल बघतो, मग ठरवू.

रेवतीनं कपाळाला हात लावला. मग वाटलं, आपणच नीट सांगितलं नाही. ती म्हणाली, "अहो, पैशाची माणसं भेटली की रडगाणं गायचं नाही. म्हणायचं, देवदयेनं भरपूर आहे."

"एवढंच ना," केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तात्या मगदूम व्याज मागायला आला. रेवती बाळाला निजवत होती.

"काय केरबा, यंदा कसं काय?"

"देवदयेनं भरपूर आहे."

तात्या खूश झाला. भरपूर आहे तर दर थोडा वाढवतो म्हणाला, आणि वाढवूनच गेला.

रेवतीनं बाळाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. चूक माझीच, कोणापुढे म्हणायचं ते सांगायचं राहिलं. "अहो, दारात कोणी आलं की आधी नाही म्हणायचं. आमच्याकडे काही नाही, पुढच्या महिन्यात बघू."

"हे सोपं आहे," केरबा म्हणाला.

मग भांडीबाजारातले कल्लाप्पा आले. जुनं गिऱ्हाईक. लग्नसराईसाठी त्यांना टेम्पोभर बादल्या हव्या होत्या.

"आमच्याकडे काही नाही," केरबा म्हणाला. "पुढच्या महिन्यात बघू."

कल्लाप्पांनी त्याच्या पाठीमागे बघितलं. छतापर्यंत बादल्या रचलेल्या. "मग हे काय आहे?"

"काही नाही."

कल्लाप्पा टेम्पो वळवून दुसऱ्या कारखान्यात गेले.

त्या दिवशी रेवतीनं पोळ्या जरा जोरातच लाटल्या. नवऱ्याला शिकवता येईना, उद्या पोराला काय शिकवणार? तिनं केरबाला समोर बसवलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं. दारात आलेला माणूस मालाकडे बघून खूश झाला, तर त्याला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही. गेलाच, तर माल घरपोच करायचा. पैसे सवडीनं द्या म्हणायचं, आणि व्याजाचं तर नावही काढायचं नाही.

केरबानं ते घोकून पाठ केलं.

नेमकी रेवती बाळाला लस टोचायला गेली आणि बँकेचे साहेब माल बघायला आले. गोदाम गच्च भरलेलं. साहेबांनी बादल्या वाजवून पाहिल्या, हसले, छान आहे म्हणाले, आणि वाटेत जेवून बँकेत जातो म्हणून निघाले.

रेवती परतली तेव्हा गोदामात एकही बादली नव्हती. केरबा रिकामी फरशी झाडत होता.

"अहो, साहेब आले होते?"

"आले होते. माल फार आवडला."

"मग माल कुठंय?"

"रिकाम्या हातानं निघून गेले गं. मी दोन टेम्पो केले आणि बँकेत पोचता केला. आत मावेना, म्हणून दारात रचला. साहेब जेवून आले तर त्यांना दारच सापडेना."

रेवती खाली बसली. "काय म्हणाले ते?"

"नको नको म्हणत होते. लाजतात बिचारे. मी म्हटलं, संकोच करू नका साहेब, सगळी उधारी आहे, पैसे सवडीनं द्या." केरबानं केरसुणी भिंतीला टेकवली. "आणि तू काळजी करू नकोस. बँकेला व्याज मी एक पैशाचंही लावलेलं नाही."