वळणावरचा डोळा

माणसांना शेपूट होतं तेव्हाची गोष्ट. वणव्यातून पळता यावं म्हणून वानराने घळीवर वेलींचा पूल बांधला आणि दोन्ही टोकांना पाट्या लावल्या: ‘आंधळ्यांनाही चालेल’.

आंधळी साळिंदर, साळूआजी, म्हणाली, “मला एकदा चालून बघू द्या.”

“आजी, तुम्हाला कशाला त्रास?” सरपंच कोल्हा म्हणाला. “आमचा ससा डोळे मिटून जाईल की!”

ससा निघाला. मधल्या वळणावर त्याची पावलं अडखळली, मग एकदम भरभर पडली.

“मेल्या, डोळा उघडलास ना?” आजी ओरडली. टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही.

चैत्रात वणवा पेटला. सगळे पार झाले. आजी चाचपत निघाली आणि वळणावर सरळ घळीत गेली.

“नवलच,” कोल्हा हळहळला, “ससा तर आरामात गेला होता!”

वानर शेपटीने पाटीवरची राख पुसत होता.