तीन पायांचं कासव आणि गौराईची पावलं

एक होतं गाव. राजा काही नव्हता बरं का त्या गावाला, आणि राजावाचून कुणाचं अडतही नव्हतं. गावापुढे नदी, नदीपलीकडे शेतं, शेतांपलीकडे लाल मातीचा डोंगर. आणि नदीच्या अलीकडच्या काठाला एक घर. घरात भिवराबाई नावाची सासू आणि आवडा नावाची नवी सून. आवडाचा नवरा मिठाचे बैल घेऊन घाटावर गेलेला. म्हणजे घरात दोघीच.

दोघीच कशा? तिघी! कारण महिना होता चैत्राचा, आणि चैत्रात गौराई माहेरी येते. पाडवा झाला की मागोमाग तीज येते. त्या दिवशी भिवराबाईंनी पितळेची गौर चिंचेनं घासली, तिला न्हाऊ-माखू घातलं आणि एवढ्याशा झोपाळ्यावर बसवली. माहेरी आलेल्या लेकीनं काय करायचं? झोके घ्यायचे, कैरीची डाळ खायची, पन्हं प्यायचं. दुसरं काही करायचं नाही! ती बसल्यापासून झोपाळा आपला हलत असायचा. कुणी हात लावो न लावो, मंद मंद हलायचा.

आणि रोज सकाळी भिवराबाई दारात चैत्रांगण काढायच्या. चैत्रांगण म्हणजे गौरीची रांगोळी. त्यात सूर्य असतो, चंद्र असतो, शंख असतो, कासव असतं, नाग असतो, आरसा-फणी असते, आणि गौरीची इवली इवली पावलं असतात. भिवराबाईंच्या चिमटीतून अशी सुरेख रेघ सुटायची की मुंगीसुद्धा वळसा घालून जायची.

आवडा नुसती बघत बसायची. ती जंगलातल्या पाड्यावरची. लहानपणीच आई गेली, मामानं वाढवली. तिकडे दारात शेळ्या. रांगोळी काढली असती तरी शेळ्यांनी चाटून टाकली असती. आता या घरात तिला पहिल्यांदा कुणीतरी डोक्याला तेल लावलं होतं. त्या भिवराबाई. त्यांना आई म्हणावं असं तिला फार वाटायचं, पण जीभ रेटायची नाही. मग ती म्हणायची, “सासूबाई.”

एकदा काय झालं, विहिरीवर भिवराबाईंचा पाय घसरला आणि मनगट मुरगळलं. हळदीचा लेप लावून त्या माजघरात पडल्या आणि तिथूनच म्हणाल्या, “आवडे, आज चैत्रांगण तू काढ गं.”

“मी? मला कुठं येतंय, सासूबाई?”

“मला तरी पोटातून येत होतं का? मी सांगते, तू काढ.”

मग आवडानं सडा घातला. पायरीवर दाराकडे पाठ करून बसली, तोंड अंगणाकडे. आतून भिवराबाई सांगायच्या, “सूर्य काढ,” की ही काढायची. “कासव काढ,” की ही काढायची. “नाग काढ. फणी काढ. आणि पावलं विसरू नकोस हो!”

“काढली, सासूबाई.”

काढली खरी. पण कशी काढली? आवडा बसली होती अंगणाकडे तोंड करून. तिची पावलं जिकडे, तिकडेच तिनं गौरीची पावलं केली. टाचा घराकडे, बोटं रस्त्याकडे! पावलांची बोटं घराकडे हवीत, आत येणारी हवीत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांना ठाऊक असतं ना, ते कुणी कुणाला सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी उठून बघते तर अंगणात रांगोळी नाही! सूर्य नाही, शंख नाही, कासव नाही. नुसतं ओकंबोकं अंगण. आवडाला वाटलं, वाऱ्यानं गेली. मग ती ताक घुसळायला बसली. घुसळते, घुसळते, लोणी येईचना. मग देवापाशी समई लावायला गेली. लावते, विझते. लावते, विझते. मग तिनं झोपाळ्याकडे पाहिलं. पितळेची गौर जागच्या जागी होती, पण झोपाळा? हलत नव्हता.

आणि भिवराबाई? मनगटाचं दुखणं ते, पण अंगभर पसरलं. अन्न जाईना, पाणी जाईना. रोज वातीसारख्या बारीक बारीक व्हायला लागल्या.

शेजारच्या बयोकाकू येऊन बघून गेल्या आणि जाता जाता बोलल्याच, “पायगुणच चांगला नाही गं बाई हिचा! पांढऱ्या पायाची सून आली, दुसरं काय?”

आवडानं पदरात तोंड घातलं. भिवराबाईंनी तिला खुणेनं जवळ बोलावलं. अगदी हळू विचारलं, “पावलांची बोटं कुठं होती गं?”

“रस्त्याकडं.”

भिवराबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “तरीच. गौराई निघून गेली बघ. आणि ती निघाली तशी तिची सगळी चिन्हंही वऱ्हाडासारखी मागोमाग गेली. परवा अक्षयतृतीया. त्या दिवशी तिची ओटी भरून बोळवण करायची. जिची बोळवण होत नाही, ती लेक पुढच्या साली माहेरी येत नाही. मग हे घर...”

“दारात परत काढू पावलं? आतल्या बाजूला?”

“ती इथं असती तर चाललं असतं. आता ती जिथं असेल तिथून दारापर्यंत काढायला हवीत.”

मग आवडानं काय केलं? करवंटीत शीग लावून रांगोळी भरली, भिवराबाईंच्या उशाशी पाणी ठेवलं आणि उजाडता उजाडता घराबाहेर पडली.

रस्त्यावर फिकी फिकी पांढरी पावलं होती. आवडा निघाली त्यांच्या मागून. आली नदीपाशी. पावलं गेली पाण्यात. आता?

तेवढ्यात पाण्यात काहीतरी गोल गोल फिरताना दिसलं. सुपाएवढं कासव! पांढरंशुभ्र, रांगोळीचं.

“कासवदादा, असे गरगर का फिरताय?”

“फिरू नको तर काय करू? तीन पाय काढलेस माझे! एका बाजूला दोन, एका बाजूला एक. सरळ पोहून दाखव बघू तू असं!”

हसू नका रे. कासवाला खरंच राग आला होता. आवडा काठावर बसली. मूठभर मूठभर रांगोळी घालून तिनं चौथा पाय काढला, नखांसकट. कासवानं पाय हलवून पाहिला. राग गेला.

“मला दारात कशाला काढतात, ठाऊक आहे?”

“नाही हो. सासूबाई म्हणाल्या काढ, मी काढलं.”

“मग ऐक. मी हातपाय आत ओढून घेतो की नाही? तसं घरात शिरताना बाहेरचा राग, बाहेरचं टोचून बोलणं, सगळं आवरून आत यावं, म्हणून. बस पाठीवर.”

आवडाला बयोकाकू आठवल्या. ती पाठीवर बसली आणि नदीपार झाली.

मग आली शेतं. एका बांधाला तीन वाटा फुटल्या होत्या आणि पावलं तिथंच पुसलेली. बांधावर पडला होता नाग! हा असा जाडजूड, पांढरा. आवडा जागच्या जागी थिजली.

“कोण आहे?” नाग म्हणाला. “दिसत नाही मला. बिनडोळ्यांचा काढलाय कुणी तरी.”

आवडा घाबरली होती. तरी ती खोटं बोलली नाही. “मीच काढलं, नागोबा. डोळे काढले तर तुम्ही माझ्याकडं बघाल, अशी भीती वाटली.”

नाग फुस्सकन हसला. नाग हसतो तेव्हा असाच आवाज येतो बरं का. “अगं, बघायलाच तर असतो मी! उंदरापासून दाणा राखतो, बांध राखतो. मी शेताचा राखणदार. राखणदाराचे डोळे झाकून कसं चालेल?”

मग आवडा पुढं झाली. एक डोळा काढला. दुसरा काढताना नागानं नुसती जीभ बाहेर काढली आणि हिच्या हातून करवंटीच कलंडली! निम्मी रांगोळी गवतात. पण डोळे झाले. नागानं फणा उभारून चहूकडं पाहिलं.

“डाव्या वाटेनं गेली. डोंगराच्या पायथ्याशी झरा आहे, तिथं बसलीय. आणि पोरी, भीत भीत का होईना, पुढं आलीस. आता तुझ्या शेताला मी आहे.”

आवडानं त्याला हात जोडले आणि डावी वाट धरली.

डोंगराच्या पायथ्याशी झरा होता. झऱ्यापाशी जांभळीचं झाड, आणि झाडाखाली एक बाई बसली होती. हिरवी साडी, हातभर चुडा, आणि केसांचा झालेला हा गुंता! वाऱ्यात, धुळीत चालून चालून झालेला. हातात पांढरी फणी घेऊन ती गुंता सोडवत होती, पण फणीचे निम्मे दातच नव्हते. आवडानं घाईघाईत काढलेच नव्हते ना!

आवडानं ओळखलं. पायावर डोकं ठेवलं. “गौराई, चुकले गं! मी तुला घराबाहेर काढलं.”

“चुकायचं काय त्यात?” गौराई म्हणाली. “मी पाहुणी. यजमानीण पावलं काढेल तिकडं मी चालते. मला वाटलं, कंटाळलात मला.”

“कंटाळू कशी? सासूबाई अन्नाला शिवल्या नाहीत गं तुझ्यावाचून!”

“मग परतीची पावलं काढ. येते की.” आणि लगेच म्हणाली, “अगं आई गं! हा गुंता...”

आता बघा हं. करवंटीत थोडीच रांगोळी उरली होती. पावलं काढायची की फणीचे दात? आवडानं त्या गुंत्याकडं पाहिलं. आपल्याला पहिल्यांदा तेल लावलं तेव्हा सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून आपण कशा रडलो होतो, ते तिला आठवलं. तिनं काही एक विचार केला नाही. उरलेली सगळी रांगोळी घालून फणीचे दात पुरे केले. मग गौराईच्या मागं बसली आणि हलक्या हातानं गुंता सोडवायला लागली. एक एक बट, एक एक बट. मग घट्ट वेणी घातली.

गौराईनं डोळे मिटले. म्हणाली, “चैत्रांगणात फणी कशाला असते, कळलं का तुला?”

“कळलं,” आवडा म्हणाली. “माहेरी आलेल्या लेकीची कुणीतरी वेणी घालावी, म्हणून.”

वेणी झाली. आवडानं करवंटीत पाहिलं. करवंटी रिकामी! तिला रडू कोसळलं. “आता पावलं कशानं काढू गं? सांज व्हायला आली. घर तर तिकडं, लांब!”

गौराई म्हणाली, “पावलं तर तुलाही आहेत.”

“माझी?” आवडा मागं सरकली. “माझी नको गं. लोक म्हणतात माझा पायगुण वाईट. पांढऱ्या पायाची म्हणतात.”

“लोकांचं राहू दे. तू सांग. तुझी पावलं आता कुठं निघालीत?”

“कुठं म्हणजे? घराकडं. सासूबाईंकडं.”

“मग झालं तर!”

आवडानं डोळे पुसले. झऱ्याकाठी लाल मातीचा चिखल होता, कुंकवासारखा. तिनं एक पाऊल त्यात बुडवलं, दुसरं बुडवलं आणि चालायला लागली. दगडावर पाऊल उमटलं, वाटेवर पाऊल उमटलं. लाल लाल, बोटं घराकडं. आणि त्यावर पाऊल ठेवत मागून कुणीतरी येत होतं. छुम. छुम. छुम.

नागानं बांधावरून फणा डोलवला. कासव काठाशी वाट बघतच होतं. त्याच्या पाठीवर पाऊल ठेवून दोघी नदीपार झाल्या. सूर्य, चंद्र, शंख, आरसा, वाटेत जो जो भेटला, तो मागोमाग निघाला.

तिन्हीसांजेला आवडा दारात पोचली. उंबऱ्याशी थांबली. अंगावरची धूळ झटकली, बयोकाकूंचं बोलणंही झटकलं आणि उजवं पाऊल आत टाकलं.

देवापाशी समई आपोआप लागली. झोपाळा कुरकुरला. मंद मंद हलायला लागला.

“कोण गं?” माजघरातून आवाज आला.

“मी... आई, मी आवडा.”

“आई” म्हणाली बरं का ती! तिच्याही लक्षात आलं नाही. पण भिवराबाईंच्या आलं. त्या उठून बसल्या, भिंतीला धरून दाराशी आल्या. उंबऱ्यापासून आत लाल पावलं उमटली होती. पावलं एकीचीच. पण पैंजण ऐकू येत होते दोघींचे.

भिवराबाईंनी भरल्या डोळ्यांनी हात पुढं केले. म्हणाल्या, “या गं. दोघी आत या.”

दुसऱ्या दिवशी, अक्षयतृतीयेला, हळदीकुंकू झालं. कैरीची डाळ झाली, पन्हं झालं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी गौराईची ओटी भरली, आणि पुढच्या चैत्राचं वचन घेऊन तिची बोळवण झाली. बयोकाकू आल्या, डाळ दोनदा मागून घेतली. जाताना अंगणातली लाल पावलं दिसली, तेव्हा पुसली जाऊ नयेत म्हणून लुगडं सावरून कडेकडेनं गेल्या. पुढं आवडाचा नवरा घाटावरून आला, घर भरलं, दाणा भरला, नि आवडा पाड्यावरच्या पोरींनाही चैत्रांगण शिकवायला लागली. पहिल्यांदा काय सांगायची? “पावलांची बोटं आत हं! आणि कासवाचे पाय मोजा!”

झालं. आता डोळे मिटा. झोपेलाही पावलं असतात, अगदी मऊ. बघा, आली उंबऱ्याशी. बोटं आपल्याकडंच आहेत तिची. येऊ द्या तिला आत.