ठकूबाईच्या बागेत न सापडलेली भाजी

फार वर्षं झाली या गोष्टीला. नेमकी किती, ते सांगणारा प्रत्येक जण आपल्या आजीच्या वयावरून सांगतो, आणि आज्या काही एका वयाच्या नव्हत्या.

आमचं गाव तेव्हा नुकतंच शहर झालं होतं. म्हणजे सरकी काढायची एक गिरणी होती, एक नगरपालिका होती आणि नगरपालिकेची एक बाग होती. बागेत गुलाब होते, मधोमध घड्याळाचा मनोरा होता आणि आत काय काय करू नये हे सांगणारी लांबलचक पाटी फाटकावर होती. झाडांना पाणी घालायला ठकूबाई नावाची विधवा होती. ती फारसं बोलत नसे, आणि बोललीच तर झाडांशी.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नाही. गिरणी बंद पडली, धान्याच्या दुकानाला कुलूप लागलं. गिरणीमागच्या वस्तीत चूल आधी एक वेळ पेटू लागली, मग एक दिवसाआड. प्यायचं पाणी वस्तीला घागरी मोजून मिळे. बागेच्या विहिरीचं मात्र गुलाबांसाठी राखून ठेवायचा ठराव झालेला होता, आणि नगरपालिका ठरावाला पक्की होती.

एका सकाळी शेजारची ताराक्का तान्हं मूल घेऊन ठकूबाईच्या उंबऱ्यावर येऊन बसली.

"मावशी, अंगावर दूध येईना गं. आता तर हा रडतसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी ठकूबाईने गुलाबाचे निम्मे वाफे उपटले आणि पदराच्या गाठीतलं बी तिथे टाकलं. लाल माठ, राजगिरा, अंबाडी, भेंडी, थोडा दुधी.

बागेवर देखरेख करणारे कारकून वामनराव धावत आले. "ठकूबाई, हे नगरपालिकेचे गुलाब आहेत."

"होते."

"अगं, तुझ्याबरोबर माझीही नोकरी जाईल."

"मग दोघं मिळून खुडायला येऊ," ठकूबाई म्हणाली. वामनरावांच्या घरीही चूल दिवसाआडच पेटत होती. त्यांनी वर काही कळवलं नाही.

पाला हाताशी आल्यावर ठकूबाईने वस्तीतल्या बायकांना बोलावलं. तिचे दोनच नियम होते. शेंडा खुडायचा, रोप उपटायचं नाही. आणि येताना भांडी धुतलेलं पाणी घेऊन यायचं, रिकाम्या हाताने यायचं नाही. असं म्हणतात, सकाळी खुडलेला माठ संध्याकाळी पुन्हा वीतभर वाढलेला असे. असंही म्हणतात, की दुधीचा वेल मनोऱ्यावर चढला आणि त्याने घड्याळाचे काटे बरोबर बारावर, जेवणाच्या वेळेला, धरून ठेवले. घड्याळ त्याआधीपासूनच बंद होतं, असं घड्याळजी मरेपर्यंत सांगत होता. पण आख्यायिकेत घड्याळजीचं कोण ऐकतो?

ताराक्काचं मूल पंधरवड्याने रडलं, चांगलं खणखणीत. कुणी रडलं म्हणून इतकी माणसं खूश झाल्याचं आमच्या गावात दुसरं उदाहरण नाही.

पण वरच्या आळीतल्या एका वकिलांना गुलाबांची फार आवड होती. त्यांनी अर्ज केला, की सार्वजनिक बागेत भाजी लावली आहे. पाच सभासदांची समिती नेमली गेली. भाजी आढळली, तर ती उपटून टाकावी आणि बाईला कामावरून काढावं, असं ठरलं. ठकूबाईची भाकरी आणि वस्तीची भाजी एकाच कागदावर आली.

समिती यायच्या दिवशी बायकांनी सकाळीच भेंड्या, दुधी सगळं उतरवून नेलं. पाला मात्र लपवणार कुठे? ताराक्का मूल कडेवर घेऊन फाटकाशी उभी राहिली.

पाच जण टोप्या सावरत आत आले. अध्यक्ष नानासाहेबांनी चौफेर पाहिलं.

"भाजी कुठे आहे?"

"जे आहे ते समोर आहे, साहेब," ठकूबाई म्हणाली.

समितीने शोध घेतला. पाचही गृहस्थांनी जन्मभर भाजी पाहिली होती ती पिशवीत, दोरीने बांधलेल्या जुडीत किंवा ताटात डाव्या हाताला नव्हे तर उजव्या हाताला वाढलेली. जमिनीत उभी असलेली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. नानासाहेब लाल माठापाशी थांबले. "वा. काय रंग आहे. विलायती दिसतंय."

"बी इथलंच आहे, साहेब."

"तुला काय कळतंय त्यातलं." नानासाहेबांनी भेंडीचं पिवळं फूल तोडून कोटाला लावलं. वामनरावांना तेवढ्यात जोराचा खोकला आला.

समितीने लिहिलं: बागेत भाजी आढळली नाही. नव्या शोभेच्या झाडांची निगा उत्तम असून उरलेल्या वाफ्यांतही तीच लावावीत आणि त्यांना जादा पाणी द्यावं. मग सगळे नानासाहेबांकडे जेवायला गेले. तिथे माठाचीच भाजी होती. समितीने ती दोनदा मागून घेतली.

फाटकाशी ताराक्का मटकन खाली बसली आणि हसू लागली. तिच्या शेजारी वामनराव बसले. ठकूबाई पाणी घालायला गेली.

पुढच्या साली पाऊस आला, दुकान उघडलं, गिरणी सुरू झाली. त्या दुष्काळात वस्तीतलं एकही माणूस भुकेने गेलं नाही, असं म्हणतात. ठकूबाई पुष्कळ वर्षांनी गेली. ती वाफ्याशी बसल्या बसल्याच गेली, आणि तिथे कुणी न टाकता माठ उगवला, असंही म्हणतात. माठ तसाही कुठेही उगवतो, पण ते असो.

आज गिरणी नाही, वस्तीवर चार-चार मजले चढले आहेत. तरी आषाढात गावातली माणसं गच्चीवर, फुटक्या बादलीत, रस्त्याच्या दुभाजकात, बँकेसमोरच्या कुंडीत चिमूटभर माठ टाकतात. नगरपालिकेच्या यादीत ते अजून शोभेचं विलायती झाड आहे, त्यामुळे ते उपटायला कुणी येत नाही. पहिल्या खुड्याची जुडी घरात नेत नाहीत, देवापुढेही ठेवत नाहीत. आळीत कुणाचं काम सुटलं आहे, कुणाकडे दुखणं आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या दाराच्या कडीला ती अडकवून माणूस निघून जातो. आतली बाई थोड्या वेळाने दार उघडते, जुडी आत घेते आणि कुणी ठेवली हे न विचारता निवडायला बसते.