दोन जावांची आणि शेटाणीच्या वशाची कहाणी

ऐक जिवती आई, तुझी कहाणी. आटपाट असं एक नगर. नगराला नदी, नदीकाठी विणकरांची आळी. तिथं एका घरात दोन जावा नांदत होत्या. थोरली गोदू, धाकटी येसू. घरधनी दोघेही लुगडी विकायला दूरदेशी गेलेले. थोरली राजाच्या कोठीत विणी, धाकटी भागाबाई शेटाणीच्या मागावर विणी. काम एकच, धनी निराळे.

पुढं दोघींना दिवस गेले. एकाच आठवड्यात दोघी बाळंत झाल्या. थोरलीला मुलगा झाला, धाकटीला मुलगी झाली.

मग राजाच्या कोठीतून शिपाई आला. म्हणाला, सहा महिने घरी राहा, लेकराला पाज, तुझ्या रोजीचा शेरभर दाणा घरपोच येईल. मग शेटाणीचा मुनीम आला. म्हणाला, बारसं झालं की मागावर बस. न बसलीस तर शेर नाही, मागही दुसरीला देऊ. थोरली म्हणाली, माझ्यातलं दोघी खाऊ. पण एका शेरात दोन बाळंतिणी कशा पोसाव्या?

तेराव्या दिवशी येसूनं पोर जावेच्या मांडीवर ठेवली आणि ती कामाला गेली. धोटा इकडून तिकडं जाई, मन घराकडं जाई. कुणाचंही पोर रडलं की हिचा पदर भिजे. दिवेलागणीला घरी यावं, तर पोर जावेचं पिऊन झोपलेली. एक महिना गेला. पोर येसूच्या हातात रडू लागली. दुसरा गेला. जावेकडं झेपावू लागली. तिसरा गेला. पोर पालथी पडली, तेही येसूला जावेनं सांगितलं. येसू चुलीकडं तोंड करून बसली. थोरलीनं पुढचं ताट सारून ठेवलं.

येसूनं मुनिमाला विनवलं. त्यानं ऐकलं नाही. शेटाणीच्या दाराशी उभी राहिली. तिनं आत घेतलं नाही. तिसऱ्यांदा पाय धरले, तेव्हा शेटाणी म्हणाली, “मीही बाराव्या दिवशी पेढीवर बसले. मला कुणी बसून खाऊ घातलं?”

श्रावण आला, शुक्रवार आला. येसूनं भिंतीवर जिवती काढली, उपास धरला, हात जोडले. “आई, धन नको, धान्य नको. माझ्या पोरीला माझी ओळख पटू दे.”

जिवतीला दया आली. तिनं म्हाताऱ्या सुइणीचं रूप घेतलं, शेटाणीच्या ओसरीवर जाऊन बसली. म्हणाली, “बाई, तुझा लेक पहिल्यांदा हसला कधी?” शेटाणी म्हणाली, ठाऊक नाही, सासूच्या मांडीवर हसला म्हणतात. दात कधी आला? ठाऊक नाही. पाऊल कधी टाकलं? तेही ठाऊक नाही. लेक मोठा होऊन परगावी राहत होता, सणालाही येत नव्हता. तिच्या डोळ्यांना धार लागली. म्हणाली, “मला ते दिवस परत मिळतील का?”

“नाही मिळायचे. पण येसूचे थोडे उरलेत.”

मग म्हातारीनं वसा सांगितला. श्रावणातल्या शुक्रवारी पदरच्या बाळंतिणीला पाटावर बसवावं, ओटी भरावी, सहा महिन्यांचा शेर द्यावा, लेकराजवळ धाडावं. उतू नये, मातू नये, दिलेलं बोलून दाखवू नये. सांगितलं आणि म्हातारी दिसेनाशी झाली.

शेटाणी पायी आळीत गेली. येसूला पाटावर बसवलं, ओटी भरली. म्हणाली, “राजाची कोठी देते तेवढंच मीही देईन. तुला आणि तुझ्यामागून येणारीला.”

येसू घरी राहिली. पण पोर तिच्याकडं येईना. थोरलीकडं बघून हात पसरी. एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. मग थोरलीनं काय केलं? आपलं पोर कडेवर घेतलं आणि दिवसभर शेजारणीकडं जाऊन बसली. इकडं पोर रडली, रडून दमली, भुकेजली. येसूनं पदराखाली घेतली. आटत आलेला पान्हा थेंब थेंब फुटला. पोर प्यायली, थांबली, वर तोंड करून आईकडं बघत राहिली. किती तरी वेळ बघत राहिली. मग पुन्हा पिऊ लागली. शेजारच्या ओट्यावर रडणं थांबलेलं ऐकून थोरलीनं डोळे पुसले.

गेलेले तीन महिने मात्र कुठल्या वशानं परत आले नाहीत.

जशी येसूला तिची लेक भेटली, तशी कामावरल्या प्रत्येक आईला तिची लेकरं भेटोत, आणि ज्यांच्या हाती दुसऱ्याचा शेर आहे त्यांना शेटाणीची बुद्धी होवो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, देवाब्राह्मणांच्या दारी, गाईच्या गोठी, बाळंतिणीच्या उशाशी सुफळ झाली, संपूर्ण झाली.